काजूचं फळ नेमकं कोणतं

काजूच्या झाडाखाली उभं राहून कुणालाही विचारा, यातलं फळ कोणतं? तो बोंडूकडेच बोट दाखवणार. लाल किंवा पिवळा, रसाने टरारलेला, पिकला की दुरूनही वास येणारा बोंडू. वनस्पतिशास्त्र मात्र त्याला फळ मानत नाही. बोंडू म्हणजे फुगलेला देठ. त्याच्या टोकाला लोंबणारी राखाडी, वाकडी बी हेच काजूचं खरं फळ. आणि आंब्यात ज्याला आपण गर म्हणतो, शास्त्र ज्याला मध्यकवच म्हणतं, तो भाग काजूत कुठे असतो? बियेच्या सालीत. खाण्याजोगा तर नाहीच, हाताला लागला तर कातडी उतते.

मी सावंतवाडी तालुक्यात अकरावी-बारावीला वनस्पतिशास्त्र शिकवलं. आता निवृत्त आहे. फळाच्या तीन थरांचा धडा आला की पुस्तकात आंब्याची आकृती असायची; मी आंब्यासोबत काजूही वर्गात नेत असे, कारण बहुतेक मुलामुलींच्या घरी काजू होता आणि कित्येकींच्या आया काजू फोडायच्या कामाला जात. एका वर्षी एक मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, म्हणजे आमची आई दिवसभर गर फेकून देते आणि बी ठेवते?" शास्त्राच्या भाषेत अगदी हेच घडत होतं. तिच्या आईचे हात त्याच गराने काळे पडले होते.

मार्चअखेरीला बी अजून हिरवी असते. तेव्हा ती ब्लेडने मधोमध उभी कापावी, हातमोजे घालून. पात्याला आधी लागतो बाहेरचा चिवट पापुद्रा. त्याच्या आतला थर जाड आणि मऊ, मधाच्या पोळ्यासारखी बारीक घरं पाडलेला. हेच मध्यकवच. कापल्याबरोबर त्या घरांतून तेल पाझरतं. आधी फिकट दिसतं, हवा लागली की तपकिरी होतं आणि थोड्या वेळाने काळं. त्याच्या आत पातळ, कडक अंतःकवच, म्हणजे आंब्याच्या कोयीला जे कठीण कवच असतं तेच. मग एक कोवळी साल, आणि तिच्या आत पांढरी, वाकलेली दोन दलं. त्यांना आपण काजूगर म्हणतो. तो झाला बियेचा आतला भाग, उद्याच्या रोपाची शिदोरी.

थरांची ही नावं फार जुनी नाहीत. लुई क्लोद रिशार या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १८०८ साली फळाच्या रचनेवर एक छोटं पुस्तक लिहिलं. फळाच्या भिंतीतला मांसल भाग, त्याला त्याने 'सार्कोकार्प' म्हटलं, म्हणजे फळाचं मांस. जॉन लिंडली या तरुण इंग्रज अभ्यासकाने १८१९ मध्ये त्या पुस्तकाचं इंग्रजी केलं. रिशारने त्याआधी १७८१ ते १७८९ अशी आठ वर्षं दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानात आणि वेस्ट इंडीजच्या बेटांवर काढली होती, आणि काजू हे त्या मुलखाचंच झाड. पुढे सगळीकडे 'मेझोकार्प', म्हणजे नुसता मधला थर, हे नाव रुळलं आणि आपलं मध्यकवच त्यावरूनच आलं. मला हा बदल योग्य वाटतो. मधला थर दर वेळी मांसल नसतो. नारळात तो काथ्या होतो, काजूत तेलाची कोठारं. जिथे मांस नाही तिथे मांस म्हणत राहिलो तर विद्यार्थी गोंधळतात.

घरात मात्र हा हिशेब कुणी करत नाही आणि करायची गरजही नाही. शहाळ्याची मलई ही बियेतली अन्नपेशी, फणसाचे गरे म्हणजे फुलाच्या पाकळ्यांसारख्या आवरणाची मांसल वाढ, डाळिंबात खातो ते बियांवरचं रसाळ आवरण. जे खावं ते गर, एवढीच आपली व्याख्या. काजूबाबत प्रश्न व्याख्येपुरता राहत नाही. या झाडाचा कोणता भाग मोलाचा आणि कोणता टाकाऊ, हे आपल्या किनाऱ्यावर चारशे वर्षांत अनेकदा उलटंपालटं झालं, आणि त्याचा भार माणसांनी सोसला. सध्या बोंडूची जी दशा आहे ती मला बघवत नाही, म्हणून हे लिहायला बसले.

काजू आपल्याकडे पोर्तुगिजांनी ब्राझीलमधून आणला, हे सगळ्यांना माहीत आहे. नेमका केव्हा, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही, पण अंदाज बांधता येतो. गार्सिया द ऑर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहिला. त्याचा औषधी वनस्पतींवरचा ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. आंबा, फणस, नारळ, सगळं त्यात आहे, काजू नाही. पंधरा वर्षांनी, १५७८ मध्ये, ख्रिस्तोव्हाँ द कोश्ता याने स्पेनमध्ये आपला ग्रंथ छापला. त्यात काजू आहे, आणि तो कोचीनच्या बागांत पाहिल्याचं तो सांगतो. १५८३ ते १५८८ या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाच्या पुस्तकातही काजू येतो. म्हणजे सोळाव्या शतकाच्या शेवटच्या चाळीस वर्षांत झाड इथे दिसू लागलं, तेही आधी बागांमधून. रानात ते नंतर पसरलं. वटवाघळं बोंडूसाठी येतात, बी लांब नेऊन टाकतात आणि जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यावरही ती रुजते.

ब्राझीलमधला काजू युरोपला प्रथम चित्रातून दिसला तो आंद्रे तेवे या फ्रेंच धर्मोपदेशकाच्या १५५७ सालच्या पुस्तकात. त्या लाकडी ठशाच्या चित्रात माणसं झाडावरून बोंडू काढताहेत आणि खाली बोंडू पिळून रस मोठ्या भांड्यात गाळला जातोय. लक्ष आहे ते रसावर.

इकडे आलेलं झाड लोकांनी लगेच ओळखलं, कारण त्याचा भाऊबंद इथे आधीपासून होता. बिब्बा. दोघंही आम्रकुलातली, आंब्याच्या घरातली. बिब्ब्यालाही फुगलेला नारिंगी देठ असतो. तो वाळवून विदर्भ-मराठवाड्याच्या बाजारात 'बिब्ब्याची फुलं' म्हणून विकतात आणि लोक आवडीने खातात. त्याखाली काळं फळ, त्याच्या मध्यकवचात तेच उतणारं तेल. परिटांनी पिढ्यान्‌पिढ्या कपड्यांवर खुणा केल्या त्या याच तेलाने. आणि आत गोडंबी, जी बाळंतिणीच्या लाडवात पडते. युरोपातल्या औषधवाल्यांकडे बिब्बा 'अनाकार्डियम' या नावाने शतकानुशतकं जात होता. लिनियसने १७५३ मध्ये काजूचं शास्त्रीय नाव ठेवताना तेच घेतलं, 'अनाकार्डियम ऑक्सिडेंटाले', पश्चिमेकडचा बिब्बा म्हणा ना. गोव्यातल्या बायकांना लिनियस ठाऊक नव्हता, तरी कोवळ्या काजूगराला त्या 'बिबे' म्हणत आल्या आहेत.

माझं माहेर गोव्यातलं, सत्तरी तालुक्यातलं. सासर सावंतवाडीकडचं. दोन्ही घरांत काजू, मधे तासाभराची वाट. पण माहेरी हंगाम म्हटला की बोंडूचा, आणि सासरी बियांचा.

माहेरी आजोबांच्या वेळेला सकाळी सगळी माणसं डोंगरावर जात. बोंडू झाडावरून तोडायचा नाही, पडलेलाच वेचायचा. आपणहून पडला की तो पूर्ण पिकला असं समजायचं. वेचतानाच बी पिरगळून वेगळी करायची आणि बोंडू टोपलीत. दुपारपर्यंत टोपल्या कोळंबीपाशी येत. कोळंबी म्हणजे दगडात खोदलेली किंवा चिऱ्यांनी बांधलेली उथळ टाकी, एका बाजूला रस वाहायला भोक. पाय स्वच्छ धुऊन दोन-तीन माणसं आत उतरत आणि बोंडू तुडवत. पहिला रस गाळून मडक्यात जाई. राहिलेला चोथा गोळा करून रानवेलींनी घट्ट आवळायचा, वर जड दगड ठेवायचा आणि रात्रभर थेंब थेंब गळू द्यायचा. तो निरो. सकाळी उठल्यावर पेलाभर निरो मिळायचा. गार, गोड, किंचित तुरट, वासाला सगळं घर भरून जाईल असा. उन्हं चढल्यावर तो आंबू लागतो, म्हणून सकाळीच प्यायचा.

मडक्यातला रस तीनेक दिवस आपोआप आंबे. त्यात बाहेरून काही घालायचं नसे. मग भट्टी. भाण म्हणजे भट्टीवरचं भांडं, त्यात रस उकळायचा; वाफ नळीवाटे लावणी नावाच्या दुसऱ्या भांड्यात यायची आणि लावणीवर सतत पाणी ओतून ती गार ठेवायची. पहिल्या उतरणीला हुर्राक. हुर्राकात पुन्हा आंबलेला रस घालून दुसऱ्यांदा उतरवली की फेणी. कडकपणा मोजायचा तो 'ग्राव'मध्ये, पोर्तुगीज काळातल्या मापाने. आजोबा काचेची मापनळी लाकडी पेटीत कापसात गुंडाळून ठेवत आणि मुलांना हात लावू देत नसत. माडाच्या सुरेची फेणी गोव्यात त्याआधीपासून होत होती. भट्टीचं ज्ञान, भांडी, माणसं तयार होती. बोंडू त्या विद्येत सामावला गेला. परक्या मुलखातून आलेल्या फळाला इतकं पूर्ण घर क्वचितच मिळतं. रानातल्या काजूची दर वर्षी पावणी होई, म्हणजे लिलाव, आणि पावणी घेणारा भट्टी लावी. २००९ मध्ये फेणीला भौगोलिक निर्देशन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं.

तेरेखोल ओलांडून या बाजूला आलं की झाड तेच, माती तीच, पण कायदा वेगळा. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८७८ मध्ये अबकारी कायदा आणून मद्याचं गाळप सरकारी मक्त्याखाली घेतलं. त्याच वर्षी डिसेंबरात इंग्रज आणि पोर्तुगीज यांच्यात तह झाला. मिठाबरोबर अबकारीचीही व्यवस्था त्यात आली आणि गोव्यातल्या गाळणाऱ्यांनाही काही वर्षं त्याची झळ बसली. १८९२ मध्ये तह संपला, गोव्याचा कारभार पुन्हा आपल्या वाटेने गेला. सावंतवाडी संस्थान १९४८ मध्ये विलीन झालं आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याखाली आलं. गोवा १९६१ ला मुक्त झाला, पण तो कायदा गोव्याला लागू झाला नाही. एवढ्या एका रेषेने बोंडूचं नशीब ठरलं. पलीकडे तो पीक, अलीकडे कचरा. सीमेलगतच्या गावांतून बोंडू गोव्याच्या भट्ट्यांकडे जातो, पण तो दिवसभरात आंबतो, त्यामुळे लांबच्या बागांना त्याचा उपयोग नाही.

बियेचं मोल वाढलं ते विसाव्या शतकात. त्याआधी काजूगर घरापुरता, गावच्या बाजारापुरता होता. परदेशी पाठवायचा तर वाटेत कीड लागे. १९२० नंतरच्या दशकांत हवा काढून, कर्बवायू भरून टिनच्या डब्यांत गर बंद करायची पद्धत बसली आणि अमेरिकेची बाजारपेठ उघडली. कोल्लम हे त्या धंद्याचं मोठं ठाणं झालं, मंगळूर दुसरं. आणि त्याच सुमाराला सालीतल्या तेलाचाही शोध लागला असं म्हणायला हवं. आपले कोळी ते होड्यांना आणि जाळ्यांना लावत होतेच, घराच्या वाशांना वाळवी लागू नये म्हणूनही लावत. आता ते मोटारीच्या ब्रेकच्या अस्तरात, रंगांत, व्हार्निशमध्ये जाऊ लागलं. अॅनाकार्डिक आम्ल आणि कार्डॉल ही त्यातली द्रव्यं. कातडी उतते ती त्यांच्यामुळे. म्हणजे फळाचा खरा गर, शास्त्राचा गर, अखेर जहाजातून परदेशी गेला आणि गाड्यांच्या चाकांपाशी पोचला. पोटात तो कधीच गेला नाही.

पण साल फोडायला हातच लागतात. जुन्या पद्धतीत बिया उघड्या कढईत भाजत. धुरात तेल, राखेत तेल. मग बायका लाकडी ठोकळ्यावर एक-एक बी आडवी धरून फोडत, बोटांना राख चोळून. पुढे वाफेवर उकडून पायाने दाबायच्या कातरयंत्रावर बिया कापायची पद्धत कोकणातल्या छोट्या कारखान्यांत रूढ झाली. भाजण्याचा धूर गेला, तेल गेलं नाही. बायका हाताला खोबरेल चोपडतात, तरी बोटांची टोकं काळी होतात, नखांच्या कडा सोलवटतात. चार किलो बियांतून साधारण किलोभर गर निघतो आणि मजुरी गराच्या वजनावर असते, तीही अखंड गरावर जास्त. तुकडा पडला की पैसे कमी. म्हणून हातमोजे घालायला बायका नाखूश. मोज्यात बी नीट धरता येत नाही. डब्यातला पांढरा शुभ्र अखंड काजू बघितला की मला ती बोटं आठवतात. काजूकतली खाणाऱ्यांनाही ती ठाऊक असावीत असं मला मनापासून वाटतं.

सिंधुदुर्गात काजूच्या बागा आजच्यासारख्या वाढल्या त्या १९९० पासूनच्या रोजगार हमीतल्या फळबाग योजनेमुळे. वरकस डोंगर हिरवे झाले, हे त्या योजनेचं मोठं देणं. कलमं मिळाली ती वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राच्या कामातून. हे केंद्र १९५७ चं, पुढे दापोलीच्या कृषी विद्यापीठाखाली आलं. १९८१ ची 'वेंगुर्ला ४' ही जात तिथली. तिच्या आईबापांतलं एक झाड वेतोरे गावचं. १९९७ ची 'वेंगुर्ला ७' तर दहा ग्रॅमची बी देते. या जातींनी आमच्या भागातल्या कित्येक घरांची कर्जं फेडली, मुलं शिकवली. आमचंही घर त्यात आहे. पण जात निवडताना बघितलं काय? बियेचं वजन, गराचा उतारा, झाडामागचं उत्पन्न. बोंडूचा रंग आणि वजन तक्त्यात नोंदलेलं असतं. त्याच्यासाठी झाड निवडलं, असं कुठे दिसत नाही. निवडणाऱ्यांचा यात दोष नाही. बोंडूला गिऱ्हाईकच नव्हतं. पण त्यामुळे आमच्या डोंगरांवर बोंडूच्या गोडीचा विचार न करता लावलेली झाडं झाली, आणि ज्यांचा बोंडू घसा न धरता खाता येई अशी गावठी झाडं सरपणात गेली.

बोंडू बियेच्या सहा-आठ पट वजनाचा असतो. म्हणजे किलोभर बिया गोळा केल्या की सहा-आठ किलो बोंडू झाडाखाली पडून राहतात. दोन दिवसांत सडतात, माश्या घोंगावतात. त्यात संत्र्याच्या चार-पाच पट क जीवनसत्त्व असतं. हे मी वर्गात दर वर्षी सांगत असे आणि घरी आल्यावर सासूबाईंना बोंडू खराट्याने लोटताना बघत असे. घसा धरतो तो टॅनिनमुळे. ते काढायची युक्ती अवघड नाही. रसात साबुदाण्याची पातळ पेज मिसळून भांडं रात्रभर न हलवता ठेवायचं. टॅनिन पेजेला धरून तळाशी बसतं, वर नितळ, सोनेरी रस राहतो. तो हलकेच ओतून घ्यायचा, साखर आणि थोडं लिंबू घालून तापवायचा. सरबत वर्षभर टिकतं.

आमच्या वाडीतला बायकांचा गट गेले काही हंगाम हे सरबत करतो. काजू फोडून हात पोळलेल्या बायकाच त्यात आहेत. बोंडूचं काम त्यांना आवडतं, कारण ते हाताला लागत नाही. खरी अडचण आहे बोंडू सकाळी दहाच्या आत आणून गाळण्याची आणि दर वेळी एकच चव येण्याची. एका झाडाचा बोंडू गोड, शेजारच्याचा तुरट. म्हणून मी गावातल्या उरलेल्या गावठी झाडांची वही केली आहे. कुणाच्या बांधावर, रंग कोणता, घसा धरतो का, रस किती. त्यातली एक पिवळ्या बोंडूची म्हातारी काज देवळामागे आहे. मालक तिला या वर्षी तोडणार होते. त्यांनी पाऊस सरेपर्यंत थांबायचं कबूल केलंय. जुलै-ऑगस्टात तिच्या काड्या घेऊन मृदुकाष्ठ कलमं बांधायची आहेत. सत्तरीतल्या भावानेही त्याच्याकडच्या एका जुन्या झाडाच्या काड्या द्यायचं मान्य केलंय. रोपं पिशव्यांत तयार आहेत.